पोटरीला हात लावायचा नाही

मिरजेत तिशीच्या आतबाहेरचं कुणीही रस्त्यात भेटलं, की शालनमावशी आधी त्याच्या पायांकडे बघत आणि मग तोंडाकडे. "ह्यो माझ्या हातचा," असं त्या सोबतच्या बाईला सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरंच असे. उभी हयात त्यांनी गावातल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालण्यात काढली होती. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं आणि कोमट तेलानं मानेपासून टाचेपर्यंत असं चोळायचं, की रडून लालबुंद झालेलं पोर अंघोळीनंतर दुपार टळेपर्यंत डोळा उघडत नसे. आता रोबोट झाडू मारू लागले होते, रिक्षा आपल्या आपण चालू लागल्या होत्या, पण बाळाला पायावर घेणारं यंत्र अजून कुणी काढलं नव्हतं. शालनमावशींना त्याचा मनातून अभिमान होता.

त्यामुळे डॉ. नीलोफर मुजावर जेव्हा खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मावशी, नीट ऐका हं, हे फार महत्त्वाचं आहे," तेव्हा शालनमावशींना समोर डॉक्टरीण दिसलीच नाही. नडगीवर पालथं पडून तंगड्या झाडणारं मुजावरांचं नीलू दिसलं. पाठीवर डाव्या अंगाला तीळ होता तिच्या, अजूनही असणार.

शेजारी सानिका बसली होती. सानिका त्यांची सून, आणि त्याच्या आधी सख्ख्या भावाची लेक. घरातली पोर घरातच राहावी म्हणून शालनमावशींनी हट्टानं तिला आपल्या सुजितला करून घेतली होती. लग्नाआधीचं "आत्ती, तू" लग्नानंतरही घरात तसंच चालू राहिलं. चारचौघांत मात्र सानिका त्यांना "तुम्ही" म्हणे, आणि तेवढ्यानंसुद्धा शालनमावशींना उगीच परकं वाटे.

शाळेत असताना ही पोर खो-खोत जिल्ह्याकडून खेळलेली. खुंटाला वळसा घालून अशी निघायची की पाठलाग करणारी हात चोळत बसायची. विशीत तिचे पाय लटपटायला लागले. आधी पळणं गेलं, मग जिना चढणं जड झालं, मग जमिनीवरून उठताना हात टेकावे लागले. आता सव्विसाव्या वर्षी तिला टाचा उचलून चवड्यांवर उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी "चवड्यांवर उभी राहा बघू" म्हटलं, की ती नुसती हसायची. घरी आल्यावर मात्र तास तास बोलायची नाही.

"स्नायूची एकेक पेशी म्हणजे लांब दोरा धरा," नीलोफर सांगत होती. "त्या दोऱ्यावर एक पातळ आवरण असतं. आपण चाललो, उठलो-बसलो, की त्या आवरणाला बारीक बारीक चिरा पडतात. सगळ्यांनाच पडतात. त्या बुजवायला शरीरात एक प्रथिन असतं, डिस्फर्लिन. सानिकाच्या शरीरात ते तयारच होत नाही, कारण ते बनवायची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक तिला आईकडूनही बिघडलेलं मिळालं आणि वडिलांकडूनही."

शालनमावशींनी मान खाली घातली. भावानं आपल्याच मामाची मुलगी केली होती. रक्त तपासलं तेव्हा त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत खुद्द शालनमावशींच्या अंगातही निघाली होती. दुसरी प्रत धड होती, म्हणून त्यांना कधी काही झालं नाही, एवढंच.

"मग चांगलं जनुक बाहेरून आत पोचवायचं," नीलोफर पुढे म्हणाली. "इतर आजारांत ते विषाणूच्या रिकाम्या कवचात भरून पाठवतात. पण हे जनुक भलतंच लांबलचक आहे, त्या कवचात मावत नाही. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. जनुकाच्या प्रती घ्यायच्या आणि त्यांच्यासोबत बुडबुडे. एका थेंबात लाखो बुडबुडे, रक्तातल्या तांबड्या पेशीहूनही लहान. आत वायू आणि वर चरबीचं पातळ कवच. ते शिरेतून सोडायचे. रक्ताबरोबर ते अंगभर फिरतात, पण फुटतात फक्त तिथं, जिथं आपण वरून ध्वनिलहरी सोडतो. सोनोग्राफीत असतात त्याच लहरी, जरा जोरकस. लहर आली की बुडबुडा फुगतो, आकसतो आणि फुटतो. फुटताना शेजारच्या पेशीच्या आवरणाला बारीकसं भोक पाडतो, आणि त्या भोकातून जनुक आत शिरतं."

"आणि ते भोक कोण बुजवणार?" सानिकानं विचारलं.

नीलोफरनं खुर्ची सानिकाकडे वळवली. "माझ्या पायात असतं तर आपोआप बुजलं असतं. तुझ्या पायात बुजवणाराच नाही, त्यालाच तर आपण आत पाठवतोय. दाराला कडी बसवायला सुतार बोलावला, तर तो आत येऊन कडी ठोकेपर्यंत दार उघडंच राहणार की नाही? साधारण तीन दिवस. म्हणून भोकं अगदी बारीक पाडायची, एका वेळी एकच पोटरी घ्यायची, आणि ते तीन दिवस त्या पोटरीवर भार नाही, ताण नाही, दाब नाही. मावशी, हे तुमच्यासाठी सांगतेय. तेल नाही, शेक नाही, चोळणं नाही. पोटरीला हात लावायचा नाही."

"बरं," शालनमावशी म्हणाल्या. मनात म्हणाल्या, चोळणं कशाशी खातात ते आता ही मला शिकवणार.

पुढचा हिशेब सोपा होता. बारा रुग्णांवर हा प्रयोग होता. आधी सानिकाची उजवी पोटरी. दीड महिन्यानं तिथला कणभर स्नायू काढून बघायचा. प्रथिन दिसलं तर डावी पोटरी, मग मांड्या. नाही दिसलं तर तिथंच थांबायचं, आणि थांबलं तर पाचसात वर्षांत चाकाची खुर्ची ठरलेली. दुसरं औषध नव्हतं.

गल्लीत ही बातमी आपल्या पद्धतीनं पोचली. "शालनची सून मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफीला गेली," एवढंच लोकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी एक शेजारीण ओच्यातून चिंचा घेऊन आली, दुसरी आवळ्याचं लोणचं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, लोकांनी तरी काय समजावं? सानिका हसून लोणचं चाटत बसली. शालनमावशी मात्र चिंचा उचलून आत घेऊन गेल्या. सगळ्या गावाची पोरं नडगीवर घेतलेल्या बाईच्या घरात पाळणा हलला नव्हता. पाय धड झाल्याशिवाय मूल नको, असं सानिकानंच ठरवलं होतं, आणि त्यावर बोलायचं नाही असं शालनमावशींनी.

सोमवारी सकाळी उजवी पोटरी झाली. शालनमावशींना काचेबाहेरून बघू दिलं. पडद्यावर सानिकाच्या पोटरीतली काळीकरडी शीर दिसत होती. मग दंडातून औषध गेलं आणि शिरेत चमचमणारे ठिपके आले, तापल्या तव्यावर तीळ तडतडावेत तसे क्षणभर नाचले आणि विझले. पुन्हा आले, पुन्हा विझले. अर्ध्या तासात काम झालं. दुपारी चाकाच्या खुर्चीतून दोघी घरी आल्या. सुजित ऊसतोडणीच्या यंत्रावर चालक होता आणि हंगाम असल्यानं कर्नाटकात अडकलेला. त्यानं फोनवर तीनदा विचारलं, "दुखतंय का गं?" आणि सानिका तीनदा "नाही" म्हणाली.

रोज संध्याकाळी दिवे लागले की शालनमावशी सानिकाचे पाय मांडीवर घेत. तिचे पाय बिघडल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता. त्या वेळी दोघी फारशा बोलत नसत. शालनमावशींना बोलणं जमतही नसे. त्यांची सगळी माया हातात उतरलेली. नवरा गेला तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या, दिवसभर सुजितचं डोकं चेपत बसल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी मात्र त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, पोटरीवरचा बांधलेला पट्टा बघितला आणि "काय पायजे का?" एवढं विचारून आत गेल्या.

मंगळवारी दुपारी सानिकाला कणकण आली. पोटरी सुजून टरटरली होती. गोळी घेऊन ती झोपली, पण झोपेतही कण्हत होती. शालनमावशी तीनदा आत आल्या आणि तीनदा परत गेल्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा हातात कोमट तेलाची वाटी होती.

चोळू नका म्हणजे जोर लावून चोळू नका, असं त्यांनी मनाशी बसवलं. पाच दिवसांच्या पोराला कोण जोर लावतं? त्याला लावतो तसाच लावायचा, नुसता फुंकर घातल्यासारखा. पट्टा सैल करून त्यांनी तळवा ठेवला. पोटरी दगडासारखी लागत होती. आतल्या बाजूनं वर, मग खाली, अंगठा हलका टेकवून, पुन्हा वर. हळूहळू अंगठ्याखालचा कडकपणा विरत गेला, मऊ लागायला लागलं. सानिकाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तिचं कण्हणं थांबलं. शालनमावशींनी पट्टा होता तसा बांधला, पदराला हात पुसले आणि स्वयंपाकघरात येऊन समाधानानं चहा टाकला. दवाखाना दवाखान्याच्या जागी, असं त्यांना वाटलं. माणसाला शेवटी माणसाचा हात लागतोच.

बुधवारी सकाळी सानिका कुबड्यांवर न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंत धरून. तोंड पांढरं पडलं होतं.

"आत्ती, लघवी काळी झालीय. कोऱ्या चहासारखी."

दवाखान्यात पोचल्या पोचल्या सानिकाच्या दोन्ही हातांत सलाईन लागलं. रक्ताचा निकाल आला तेव्हा नीलोफरनं तो दोनदा वाचला. मग ती दोघींजवळ येऊन बसली.

"पोटरीतला स्नायू फुटलाय," ती म्हणाली. "फुटलेल्या स्नायूतला रंग रक्तात उतरला, म्हणून लघवी काळी. तो मूत्रपिंडात अडकू नये म्हणून एवढं पाणी चढवतोय. मूत्रपिंडं वाचतील. पण एवढा स्नायू फुटायचं कारण मला कळायला हवं. काय झालं नेमकं?"

शालनमावशी सानिकाच्या अंगावरची चादर सारखी करायला लागल्या.

"मला आज दुपारी वर, देखरेख समितीला कळवावं लागेल. कारण सापडलं नाही तर दोष औषधाचा धरतात, आणि धरायलाच हवा. मग बाराही जणांचं थांबतं. परवा जतच्या एका गुरुजींची पाळी आहे. त्यांना फळ्यावर लिहायला हात वर नेता येत नाही, त्यांचा दंड करायचाय. तेही थांबेल."

शालनमावशींनी आपले हात पदराखाली घेतले. त्यांना कधी नव्हे ती अशी भीती वाटली. सांगितलं, तर नियम मोडला म्हणून पोरीला ह्यातनं काढून टाकतील, आणि तिच्या पायाची माती कुणी केली हे तिला जन्मभर माहीत राहील. नाही सांगितलं, तर औषधच वाईट ठरेल, मग सानिकाचंही संपलं आणि त्या गुरुजींचंही. आजवर त्यांच्या हातांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत आलं होतं.

त्या तोंड उघडणार तेवढ्यात सानिका म्हणाली, "माझी चूक झाली, मॅडम. काल मी चवड्यांवर उभी राहून फळीवरचा डबा काढला."

नीलोफरनं तिच्याकडे बघितलं. "सानिका, तुला चवड्यांवर उभं राहता येत असतं, तर तू माझ्याकडे कशाला आली असतीस?"

सानिकानं मान फिरवली.

"मी चोळलं," शालनमावशी म्हणाल्या.

एकदा तोंडातून गेल्यावर मग त्या थांबल्या नाहीत. "काल दुपारी. त्याल कोमट करून. हलक्या हातानं, पन चोळलं. तू सांगितलं व्हतंस, नीलू, मी आयकलंबी व्हतं. पर मनात घेतलं न्हाई. हिला मी नडगीवर घेतलीया, ही मला काय सांगती, असं वाटलं मला. पोरीला काढू नगंस ह्यातनं. तिचा काय दोष न्हाई, ती झोपली व्हती."

"मी झोपले नव्हते," सानिका म्हणाली.

शालनमावशींनी चमकून बघितलं.

"जागी होते मी, आत्ती. तू वाटी खाली ठेवलीस तेव्हाच जाग आली." दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, ती "तू" म्हणत होती. "मॅडमनी काय सांगितलं होतं ते माझ्या पक्कं लक्षात होतं. पण आदल्या दिवसापासून तू दारातनंच बघून जात होतीस. एवढं दुखत होतं आणि तुझा हात नाही. तू हात ठेवलास आणि मला इतकं बरं वाटलं, की म्हटलं, आता थांबवायचं नाही. मग डोळे मिटून पडून राहिले."

शालनमावशींना रडू आवरेना. नीलोफरनं चष्मा काढून उगीच पुसला.

"जसं झालं तसं लिहिते मी," ती म्हणाली. "आणि मावशी, ह्यात माझीही चूक आहेच. ह्या गावात तुमच्या हातांना कुणी नाही म्हणत नाही, हे मला माहीत नव्हतं का? नुसतं तोंडानं सांगून भागवलं मी. का नाही, ते तुम्हाला पडद्यावर दाखवायला हवं होतं."

मूत्रपिंडं वाचली. जतच्या गुरुजींचा दंड ठरल्या दिवशी झाला. दीड महिन्यानं सानिकाच्या उजव्या पोटरीतले दोन कण दोन ठिकाणांहून काढले, आणि नीलोफरनं ह्या खेपेला शालनमावशींना सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. नवीन प्रथिन असेल तिथं हिरवं चमकेल, असं तिनं सांगितलं. पहिला कण पोटरीच्या बाहेरच्या कडेचा होता. त्यात दोऱ्यांच्या कडा लख्ख हिरव्या दिसत होत्या, एकेक दोरा वेगळा मोजता यावा अशा. दुसरा कण आतल्या बाजूचा. तिथं दोरेच उरले नव्हते. नुसता करडा जाळीदार चोथा.

"म्हंजे जितं माझा हात गेला न्हाई, तितं औषध लागलं," शालनमावशी म्हणाल्या.

"हो, मावशी," नीलोफर म्हणाली. खोटं बोलून तिला भागलं नसतं. "आतली बाजू आता भरून येणार नाही. पण औषध काम करतं, हे बाहेरच्या कडेवरून सिद्ध झालं. वरून परवानगी आलीय, डावी पोटरी करायची. फक्त एक अट घातलीय त्यांनी." ती अडखळली. "ते तीन दिवस तुम्ही घरात नसावं."

"मी जाते भावाकडं," शालनमावशी ताबडतोब म्हणाल्या. त्यांना ती शिक्षा कमीच वाटली.

"मग मी करून घेत नाही," सानिका म्हणाली.

"अगं, पायाचा प्रश्न हाय तुझ्या!"

"असू दे. मला घरात तू पाहिजेस."

सुजितचा फोन आला, त्यानं आईला मामाकडे सोडायची तयारी दाखवली. सानिकानं त्याला सुनावलं, "आत्ती गेली तर मीपण चाकाची खुर्ची घेऊन मागनं जाईन, बस तुझं यंत्र हाकत." सुजितनं "बरं बाई" म्हणून फोन ठेवला. शेवटी नीलोफरनं आपल्या नावावर जबाबदारी घेतली आणि वरच्यांना अट काढायला लावली. जाताना ती शालनमावशींच्या कानाशी एवढंच म्हणाली, "मावशी, माझी नोकरी तुमच्या हातात आहे." मग आपणच हसली.

डावी पोटरी झाली. शालनमावशींनी आपला पाट सानिकाच्या खाटेपासून दोन हात लांब मांडला आणि त्यावर ठाण मांडून बसल्या. हातांना काम हवं म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी घरातले सगळे तांदूळ निवडले. मग डाळ निवडली. मग निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. तेही संपल्यावर, कधी नव्हे त्या, त्या बोलायला लागल्या. कुठल्या घरातलं कुठलं पोर कसं रडायचं, कुठल्या सावकाराच्या घरी बाळंतिणीला तूप चोरून खावं लागायचं, सुजित पोटात असताना आपल्याला कशाचे डोहाळे लागले होते. सानिका ऐकत होती. आपली आत्या एवढं बोलू शकते, हे तिला लग्नाच्या सहाव्या वर्षी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कणकण आली, पुन्हा पोटरी टरटरली. सानिका उशीत तोंड खुपसून कण्हायला लागली. शालनमावशी पाटावरून उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. शेवटी दोन्ही हात काखांत दाबून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आत्ती, इकडं ये."

"न्हाई. मी तितं आले की माझे हात माझं आयकत न्हाईत."

"ये गं. उशाकडं बस. आणि हात दे तुझे."

शालनमावशी खाटेच्या उशाशी बसल्या. सानिकानं त्यांचा उजवा हात ओढून आपल्या हातात घेतला. खाटेशेजारच्या फडताळातली तेलाची बाटली तिनं सकाळीच उशाखाली घेऊन ठेवली होती. तळहातावर तेल ओतून तिनं शालनमावशींचा अंगठा चोळायला घेतला, मग एकेक बोट, पेर न् पेर, मग तळव्याची गादी. आजारानं सानिकाच्या हातांना काहीच झालेलं नव्हतं, त्यांत अजून खो-खोवालीचं बळ होतं. आत्तीच्या बोटांच्या गाठी किती सुजल्यात, हे तिला आजच कळलं. कळ आली की ती अंगठा जोरात दाबायची, ओसरली की हलका करायची.

"दुखतंय का तुला?" तिनं विचारलं.

शालनमावशी आपल्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांच्या अंगाला असं तेल लावलं होतं ते त्यांच्या आईनं, आणि मग सुजितच्या वेळी कुणा म्हातारीनं सव्वा महिना. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना चोळलं, पण त्यांचे हात कुणी हातात घेतले नव्हते. त्या मोठ्यानं रडल्या. सानिकानं रडू दिलं. मग तिनं दुसरा हात मागून घेतला. तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ होईपर्यंत त्या हातांतला निदान एक तरी तिच्या हातात होता.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा नीलोफरनं दोघींना तपासणीच्या खोलीत बोलावलं. सानिकाला भिंतीपासून लांब, अनवाणी उभं केलं.

"कशाला धरायचं नाही," ती म्हणाली. "चवड्यांवर. जमेल तेवढं. आणि मावशी, तुम्हीही तिला धरायचं नाही. पडली तर मी आहे."

सानिकानं श्वास घेतला. ओठ घट्ट मिटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग डावी टाच सुटली. बोटभर उठली, मग दोन बोटं. उजवी जागची हलली नाही. एक टाच वर, एक खाली, त्यामुळे ती उजवीकडे कलंडली आणि शालनमावशींचे दोन्ही हात एकदम पुढे गेले. तिच्या कमरेपासून वीतभर अंतरावर ते थांबले. तिथंच हवेत राहिले. पुढे गेले नाहीत. सानिका डगमगली, हात पसरून तिनं तोल सावरला आणि तशीच तिरपी उभी राहिली. नीलोफर मोठ्यानं आकडे मोजत होती. सहाला सानिकानं टाच खाली टेकली.

"तू धरलं नाहीस," ती धापा टाकत म्हणाली.

"न्हाई धरलं." शालनमावशींनी हात मागे घेतले. "एकच उठली गं. उजवी माझ्या हातानं गेली तुझी."

"होय, गेली," सानिका म्हणाली. ती खोटं समजावत बसली नाही. "पण तू डावी नीट बघितलीच नाहीस. तुझे डोळे सारखे उजवीकडं. परत करू?"

"कर."

शालनमावशी आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत फरशीवर बसल्या, पार खाली, डोळे सानिकाच्या टाचांच्या उंचीला येतील अशा. हात त्यांनी मांडीत ठेवले. सानिकानं पुन्हा श्वास घेतला. डावी टाच उचलली गेली, आणि टाच आणि जमीन ह्यांच्यामधल्या फटीतून शालनमावशींना पलीकडची फरशी दिसली.